डावा महिना, उजवा महिना

इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्सरेबाईंनी एकतीस वर्षं बायकांच्या गर्भनळ्यांचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई गर्भपिशवीत औषध सोडायच्या, बाई शिशाचा झगा घालून बटण दाबायच्या. आधी पडद्यावर पिशवी उजळायची, मग दोन्ही अंगांनी धागे सरकायचे. टोकातून औषध सांडलं की नळी मोकळी. "कशी आहे हो?" असं कुणी काकुळतीनं विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

बाईंच्या भाचीची डावी नळी दोन वर्षांपूर्वी काढावी लागली. गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नव्हता, नळीतच रुजला आणि नळी फुटली. उजवीचा फोटो बाईंनीच काढला होता, अगदी मोकळी. तरी दिवस राहीनात, आणि आज पोर नवऱ्यासोबत बाईंच्या घरी हात टेकून बसली होती.

"आत्या, पुरे आता. दोन वर्षं वाट पाहिली."

"एकच," जावई पुटपुटला. "डावे महिने सोडून."

"डावे महिने? हे काय नवीन?"

जावई गणिताचा मास्तर. एक महिना डावं बीज, एक महिना उजवं. डावीकडे नळीच नाही, मग उगाच खटाटोप कशाला? म्हणून दोघं इमानेइतबारे महिन्याआड वेगळ्या खोल्यांत झोपत होती!

आत्याबाईंच्या हातातला चहा साडीवर सांडला. "अहो मास्तर, अंडाशयं काय पाळ्या लावून कामाला येतात? आणि नळी अंडाशयाला शिवलेली नसते. टोकाला झालर असते, ती बीज ओढून घेते. कधीकधी पलीकडचंसुद्धा. शेजारणीचं दूध उतू चाललेलं दिसलं, तर आपण धावतोच ना?"

"मग फोटोच्या दिवशी का नाही बोललीस? विचारलं तर म्हणालीस, रिपोर्ट डॉक्टर सांगतील!"

आत्याबाईंनी रुमाल शोधून साडीवरचा चहा पुसला. "डावे-उजवे आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पाचव्या महिन्यात भाचीची पाळी चुकली. आनंद राहिला बाजूला, सगळ्यांना ती फुटलेली नळी आठवली. बीज फळतं नळीतच. तिथून पिशवीपर्यंतची चार-पाच दिवसांची वाट गर्भानं या खेपेला पुरी केली का, की पुन्हा मध्येच मुक्काम?

सोनोग्राफीला आत्याबाई भाचीच्या उशाशी उभ्या राहिल्या. पडद्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

"पिशवीतच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोकेही दिसताहेत."

आत्याबाई स्टूल ओढून बसल्या.

"रडतेस काय गं आत्या?"

"गुडघे दुखताहेत मेले. ऊठ आता, आणि आधी काहीतरी खाऊन घे."