रक्तदात्यांची यादी आणि माझ्या अटी

मुलगी झाल्यापासून माझी झोप उडवायला दोनच प्रश्न पुरायचे. एक, मनू आज पोटभर जेवली का? दोन, मी कंस बंद केला का?

पहिला प्रश्न सगळ्या आयांना कळेल. दुसरा सांगावा लागेल.

जालन्यात किसनबप्पांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यामागच्या खोलीत त्यांचं रक्तदाता मंडळ, म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. एमसीए करून मुलीसाठी नोकरी सोडलेली मी त्यांना आयतीच सापडले. "ताई, फोन आला की बटण दाबायचं अन् माणसाचं नाव यायला पाहिजे. एवढी वेबसाइट करून द्या," बप्पा म्हणाले. २००६ साल असेल. मी वेबसाइट बांधायचं एक नवं फ्रेमवर्क शिकत शिकत ती केली. पुस्तक मांडीवर, पुस्तकावर मनू.

काम दिसायला सोपं. रक्तगट अमुक, तालुका तमुक, आणि शेवटचं रक्तदान तीन महिन्यांपूर्वीचं. तीन अटी जोडायच्या, बस! पण जोडताना माझं काही चुकलं आणि खरंच कुणाचा जीव अडकलाय त्या दिवशी यादीत माणूसच आला नाही तर? ही धास्ती मला तीन वर्षं पुरली. तेवढ्या काळात किस्से मात्र असे साठले, की रक्तापेक्षा त्यांचीच बँक काढावी.

*

पहिली फजिती पहिल्याच आठवड्यातली. एका पेशंटला बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह चालणार होतं. मी "किंवा" लिहिलं, पुढे तालुका आणि तारीख जोडली, पण दोन्ही रक्तगटांभोवती कंस घालायचा राहिला. कॉम्प्युटर आधी "आणि" जोडतो, मग "किंवा". त्यामुळे माझ्या सगळ्या अटी ओ निगेटिव्हवाल्यांना लागल्या, आणि बी निगेटिव्हवाले जिल्हाभरातून मोकाट सुटले!

जाफराबादहून एक जण जीपला लटकत आला. घामाघूम. खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, येतो म्हणलं म्हणून आलो. पण आठ दिवसाखाली दिल्तं मी. अजून भरलो न्हाई!"

*

मग मी तारखेची अट पक्की केली. इतकी पक्की, की एक दिवस धावड्याचा एक पैलवान गडी दुकानात येऊन उभा राहिला.

"माझं नाव हाय का न्हाई तुमच्यात?"

नाव होतं. ग्रुप होता. फोन नंबरही बरोबर.

"मंग सहा महिने झाले, बोलावणं का येईना? गावात सांगून बसलो की मी रक्तदाता हाय म्हणून. लोक हसून राह्यले ना!"

मी कोड उघडला. ज्यांनी कधीच रक्त दिलं नव्हतं, त्यांचा तारखेचा रकाना कोरा होता. कोऱ्या रकान्याला "तीन महिन्यांपूर्वी" म्हणता येत नाही, म्हणून सगळे नवे लोक यादीतून गुपचूप गळत होते. मी त्याला समजावलं, "दादा, तुमची शेवटची तारीखच नाही ना, म्हणून."

त्यानं बाही वर सरकवली. "आधी देऊ तर द्या, मंग पडंल तारीख!"

त्याच दिवशी मी "किंवा रकाना कोरा असेल तर" ही अट घातली. या वेळी कंसासकट.

*

अटी चुकल्या की गोंधळ, हे मला कळलं होतं. अट नसली की काय होतं, ते बप्पांनी दाखवलं. मी मनूला डोस द्यायला गेले होते. मागे बप्पांनी फॉर्म कोराच ठेवून बटण दाबलं. एकही अट नाही, म्हणजे सगळे पात्र! झाडून सगळ्यांना आपोआप 'दवाखान्यात या' असा मेसेज गेला.

दवाखान्यापुढे ही गर्दी! त्यात वडीगोद्रीचा एक जण अंगभर हळद लागलेला. हळद लागल्यावर नवरदेवानं घराबाहेर पडायचं नसतं. हा मोटारसायकलवर मागे दोन मावसभाऊ घेऊन हजर.

बप्पांनी हात जोडले. "अरे बाबा, आज लग्न ना तुझं?"

"बारा पस्तीसचं हाय. जल्दी घ्या!"

*

शेवटचा प्रसंग मी फारसा सांगत नाही.

एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. बी निगेटिव्ह हवं होतं, लगेच. बालवाडीला सुट्टी म्हणून साडेतीन वर्षांची मनू टेबलाखाली खेळत होती. मी बटण दाबलं. यादी कोरी.

पुन्हा दाबलं. कोरी. कंस मोजले. बरोबर होते. तालुक्याची अट काढली. तरी कोरी. जिची धास्ती होती, ती वेळ आली होती आणि मला चूक सापडत नव्हती.

"ताई," बप्पा हळूच म्हणाले, "तुमचा ग्रुप कोणता?"

"बी निगेटिव्ह."

"मंग तुमचं नाव का न्हाई आलं?"

मी कोडच्या तळाशी गेले. तिथे एक ओळ होती. मनू अंगावर पीत होती तेव्हा मीच लिहिलेली: माझी एवढी एक नोंद सोडून. मनूचं पिणं सुटून दीड वर्ष झालं होतं. ओळ तशीच होती. बाकीचे बी निगेटिव्हवाले तीन महिन्यांच्या आतच देऊन बसलेले; उरले होते ती मीच. विसरले होते, की सुईला भीत होते म्हणून आठवत नव्हते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बप्पांच्या स्कूटरवर आम्ही तिघं गेलो. मनू माझ्या शेजारी उभी राहून पिशवी भरताना बघत होती. नर्स ती घेऊन गेली, तेव्हा मनू तिच्यामागे दारापर्यंत गेली. मग मला चहा मिळाला आणि माझं बिस्किट तिला.

बऱ्याच वेळानं त्या बाईची आई धावत आली. "शुद्धीवर आली गं माय! नातू बी बराबर हाय." माझे दोन्ही हात धरून ती रडायला लागली. "कसं फेडू गं तुझं? सांग, काय देऊ?"



मनूनं तोंडातलं बिस्किट गिळलं आणि तिला सांगितलं, "आमची पिशवी तेवढी धुऊन परत द्या."