एकशे अठ्ठेचाळीस नंबरची जागा

दुपारचे तीन वाजलेत आणि माझी मान पुढे पुढे पडते आहे. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये कापूस, कापसावर एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा दगड. आतल्या खोलीत शलाका खोक्यांना चिकटपट्टी लावते आहे. तिचा तो टर्र आवाज जवळून येतो, मग जरा लांबून, मग कुठल्यातरी दुसऱ्याच घरातून.

शलाकाचे वडील, म्हणजे त्र्यंबक शिरसाठ, जाऊन आठ महिने झाले. त्याच्या संग्रहातले दोनशे सहा दगड सोमवारी कॉलेजच्या संग्रहालयात जायचे आहेत. त्यांची यादी करायला माझ्याशिवाय आहे कोण? पाटबंधारे खात्यात आमची टेबलं शेजारी होती, आणि रविवारी आम्ही दोघं छिन्नी-हातोडी घेऊन नाशिकच्या आसपासच्या खाणी पालथ्या घालायचो. आमच्या बायका हसायच्या. आता हसणाऱ्याही नाहीत आणि तोही नाही. ट्रे हातात घेऊन कुणाला दाखवावा असं माणूसच उरलेलं नाही.

पाच दिवस मी त्याच्या चिठ्ठ्यांवरून रजिस्टर भरतो आहे. नंबर, नाव, सापडल्याची जागा, तारीख. जागा चुकली तर दगड कितीही देखणा असो, तो फक्त घरच्या शोकेसमध्ये शोभेला ठेवायच्या लायकीचा, हे त्र्यंबकचंच म्हणणं. या दगडावर मी कालपासून अडकलोय. चिठ्ठीत त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलंय, ‘हिरवा अपोफिलाइट, चिंचदरा खडीखाण’. स्फटिकाचं नाव बरोबर आहे, जागा खोटी आहे. खोटं मीच सांगितलं होतं. आता तसंच उतरवलं तर ते त्याच्या नावावर कायमचं राहणार, आणि खरं लिहिलं तर त्याच्या मुलीपुढे मला तोंड उघडावं लागणार.

“झोपलास होय रे अंब्या?”

त्र्यंबक समोरच्या खाटेवर बसलाय. अंगात तोच बाह्यांचा बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा. मला आश्चर्य वाटत नाही. उशीर केलास, एवढंच मनात येतं.

“डोळा लागला जरा,” मी म्हणतो.

“कितीपर्यंत आलास?”

“एकशे अठ्ठेचाळीस.”

“कुठला तो?”

“चिंचदरा,” मी म्हणतो. मेलेल्या माणसाशीसुद्धा मी खोटं बोलतो. माझी मलाच शिसारी येते.

“बरं,” म्हणून तो लिहून घेतो. तो ऑफिसातल्या टेबलावर लिहितोय. माझं टेबल त्याला लागून. फायलींच्या गठ्ठ्यांत कागदांऐवजी कापूस आहे, आणि साहेब येऊन कापसावर सह्या करून जातात. खिडकीबाहेर कालवा असायला हवा, तिथे खडीचा ढीग दिसतो. त्र्यंबक त्या ढिगावर उकिडवा बसून दगड फोडतोय. रविवार आहे. ऊन चढलंय. त्याची पाठ घामानं भिजलीय.

“इथंच ना रे?” तो विचारतो.

“इथंच कुठंतरी.”

“कोणत्या बाजूला?”

“त्या... तिकडच्या.”

तो निमूट उठून तिकडे जातो. असा तो खरोखरच तीन रविवार चिंचदऱ्याला गेला होता, लुना दामटत, एकटा. तेव्हा मी तापाचं निमित्त काढून बोरटेकला शेवंताबाई गांगुर्डेंच्या मळ्यातल्या विहिरीत उतरलो होतो. विहीर खणताना तिच्या पोटात एक पोकळी लागली होती, हाताच्या लांबीची, आणि आत सगळं हिरवंगार. पहिला दगड पाहून मला हाव सुटली. ती एक जागा फक्त माझी असावी असं वाटलं. त्यातलाच एक दगड त्र्यंबकला भेट दिला आणि चिंचदऱ्याचं नाव सांगितलं. महिन्याभरात शेवंताबाईंनी विहीर बांधून काढली. पोकळी दगडी भिंतीमागे गेली, आणि ती पाहिलेला माणूस जगात मी एकटा राहिलो.

आता आम्ही त्याच विहिरीत आहोत, यारीच्या बादलीत, गुडघ्याला गुडघे लावून. बादली खाली जातेय. पोकळी येईल म्हणून मी भिंतीवरून हात फिरवतो, पण सगळीकडे ट्रे लागतात, एकावर एक, रिकामे.

“किती खोल आहे रे?” त्र्यंबक विचारतो.

मला सांगायचंय. बोरटेक म्हणायचंय. तोंडात कापूस भरल्यासारखं झालंय. त्र्यंबक दगड माझ्या मांडीवर ठेवतो.

“उलटा कर.”

“स्फटिक मोडतील.”

“कर रे.”

मी करतो. आणि बादलीत मी एकटाच असतो.

चिकटपट्टीचा आवाज एकदम कानाशी येतो. मी त्याच्या खोलीत, खुर्चीवर. पलीकडच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली.

मांडीवरच्या ट्रेमध्ये दगड पालथा पडलाय, स्फटिक कापसात, बूड वर. शुद्धीवर असताना हे पाप माझ्या हातून होणार नाही. बूड लालसर आहे, बोरटेकच्या विहिरीत मधे लाल थर होता तसं. चिंचदऱ्याचा खडक सगळा काळा. त्र्यंबकसारख्या माणसाला हे पहिल्या दिवशी दिसलं असणार. तरी तीन रविवार तो तिथं काय शोधत होता?

शलाका चहा घेऊन येते. मी धीर एकवटतो. “शलाका, या दगडाची जागा चुकीची आहे.”

“विहिरीतला ना तो?” ती कप ठेवत म्हणते. “लाल बूड बघूनच बाबांनी ओळखलं होतं. मी त्यांना म्हटलं होतं, चिठ्ठी बदला म्हणून. ते म्हणाले, अंबादास सांगेल तेव्हा बदलू. दर दिवाळीला तुम्ही यायचात, तेव्हा तो ट्रे मुद्दाम बाहेर काढून ठेवायचे.”

ठेवायचा. दर दिवाळीला हातात घेऊन मी म्हणायचो, वा, काय रंग आहे.

मी कोरी चिठ्ठी घेतो. बोरटेक, शेवंताबाई गांगुर्डे यांची विहीर. अक्षर वाकडं येतं. शलाका विचारते, “तारीख कोणती टाकताय काका?” मी आजची टाकतो.