कुस्तीनंतरचा वाद

भांडणाची हौस असलेली माणसं जगात खंडीभर सापडतील. पण दुसऱ्यांचं भांडण नीट, वेळच्या वेळी आणि भरल्या घरात व्हावं म्हणून तळमळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे खालू, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे, खालाचे मिस्टर. साठच्या दशकात मी रत्नागिरीकडून दुबईला आलो तो थेट त्यांच्या खोलीवर उतरलो. अमिराती एकत्र वगैरे अजून व्हायच्या होत्या. दुबईच्या देरा भागात, खाडीजवळ एका लांबट खोलीत आम्ही गाववाले राहायचो आणि खालू, बंदरावरचे स्टोअरकीपर, आमचे सर्वांचे वडीलधारे. खोलीत चहात साखर किती यावरून जरी दोघांची जुंपली, तरी खालू हातातलं काम टाकून त्यांना समोरासमोर बसवत. मध्ये गजराचं घड्याळ ठेवत. "यल्ला, चल, तुझा टाइम सुरू. तू गप बस रे, त्याचं संपलं की तुला सेम टाइम मिळेल." भांडणारे पहिल्या मिनिटातच थंड व्हायचे, कारण मुद्देसूद भांडायचं म्हटलं की मुळात मुद्दाच नाही हे ध्यानात यायचं. मग खालू हिरमुसायचे. "काय लोक आहेत! रागसुद्धा टिकत नाही यांचा."

दुबईत टीव्हीचं स्टेशन निघण्याआधीच त्यांनी टीव्ही आणला. मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज इंजिनियरच्या सामानातला तो. आम्ही पोट धरून हसलो. "खालू, विहीर नाही तर पोहरा कशाला?" पण त्यांनी गलबताचा जुना बांबू गच्चीवर उभा केला, त्याला तारा बांधल्या, आणि उन्हाळ्यात हवा पार दमट झाली, अंगाला सदरा चिकटायला लागला, की समुद्रापलीकडच्या तेल कंपनीचं स्टेशन त्या पडद्यावर खरोखर उमटायचं. चित्र असं की माणूस नि खजुराचं झाड यांत फरक करणं अवघड. तरी कुस्तीच्या संध्याकाळी अख्खा मोहल्ला खोलीत कोंबलेला असायचा. आम्ही घामानं निथळत असू तेव्हा खालू हात वर करून म्हणत, "शुकर है! आज हवा फार छान आहे!"

या सगळ्यामागे त्यांचं एक दुखणं होतं. गावच्या जमातीची, म्हणजे आमच्या समाजाच्या पंचायतीची, दुबईतली मंडळी दोन गटांत फाटली होती. एका गटाचे पुढारी बंदरावरचे एक फोरमन; त्यांचं म्हणणं, गावाला आधी खाडीवर धक्का हवा. दुसऱ्या गटाचे पुढारी बाजारातले एक किराणावाले. त्यांना आधी मुलींची शाळा हवी होती. जमातीचा अध्यक्ष यांच्यातला एक होणार होता आणि जो होईल त्याचं काम जमातीच्या वर्गणीतून आधी. दोघं लहानपणी एका होडीतून खाडी ओलांडून शाळेत गेलेले. आता रस्त्यात समोर आले तर एक जण गल्ली बदलायचा. दोन वर्षं ना धक्का झाला ना शाळा. "एकदा फक्त सगळ्यांसमोर बोला," असं खालू दोघांच्या दारी जाऊन विनवत. दोघंही एकच उत्तर देत, "त्याला आधी बोलवा."

मोठ्या मिनतवारीनं खालूंनी सभा ठरवली ती शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर. मटण जेवून सगळी जमात आडवी झाली. सभेला खालू, मी आणि एक बोकड. दुसरी सभा ठरवली त्या संध्याकाळी नेमकी मुंबईची आगबोट लागली आणि घरचं लोणचं, घरची माणसं, घरच्या बातम्या उतरवून घ्यायला सगळे खाडीवर धावले. खालूही धावले. परत येताना म्हणाले, "भाषण चांगलं की वाईट, हे कोण बघतो? लोक कधी मोकळे आहेत आणि त्यानंतर त्यांना काय मिळणार आहे, एवढंच बघायचं असतं."

मग बंदरावरच्या एका कप्तानानं त्यांना खबर दिली, की येत्या कुस्तीनंतर त्या स्टेशनवर अमेरिकेतल्या दोन पुढाऱ्यांच्या वादाची फिल्म दाखवणार आहेत. दोघं एकाच पक्षाचे; पक्षाकडून निवडणुकीला उभं कुणी राहायचं, यासाठी दोघांत चुरस. खालूंना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी मला म्हणाले, "एकाच पक्षाचे, आणि एका टेबलाशी बसून भांडतात! आपल्या दोघांना हे दाखवलं पाहिजे." कार्यक्रम त्यांनी असा आखला: आधी कुस्ती, मग वाद, आणि अगदी शेवटी बिर्याणी. मी म्हटलं, लोक भुकेले राहतील. "राहू देत. आधी जेवण दिलं की खलास, माणूस गेला."

त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फोरमन एका भिंतीला, किराणावाले समोरच्या भिंतीला. कुस्ती संपली, चार-पाच जण उठले. तेवढ्यात खालूंनी पातेल्याचं झाकण जरा सरकवलं. वास पसरला आणि उठलेले बसले. पडद्यावर दोन धूसर गोरे आले. बोलणं आमच्यातल्या निम्म्यांना कळत नव्हतं, पण एक बोलत असताना दुसरा हनुवटीवर बोट ठेवून ऐकतो, हे सगळ्यांना कळत होतं. सगळे पडद्याकडे सरकले. आणि तेवढ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला. चित्र हललं, विरलं, पडद्यावर नुसती वाळू उडायला लागली.

खालूंचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी टीव्हीवर थापा मारल्या, बांबू फिरवायला मला गच्चीवर पिटाळलं. मी खाली आलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडत होतं, "ते दोघं गेले, तर हे दोघं बोलू देत! बिर्याणी गार होतेय!" सगळे हसले. त्या हशात फोरमन उभे राहिले. म्हणाले, "ओहोटीला होडी लागते तेव्हा आपल्या बायका पोरं कडेवर घेऊन गुडघाभर चिखलात उतरतात. माझी आई तशीच उतरायची. मी तिकडे नसतो, हात द्यायला कुणी नसतं. म्हणून धक्का." आणि ते बसले. किराणावाले उठले. मग म्हणाले, "तुझी आई मलाही त्याच चिखलातून उचलून न्यायची, मी विसरलो नाही. पण माझ्या घरून पत्र येतं ते पोस्टमननं लिहिलेलं. बायको त्याच्यासमोर काय सांगणार? 'सर्व खुशाल'. इतक्या वर्षांत 'सर्व खुशाल'शिवाय मी तिचं काही वाचलेलं नाही. म्हणून शाळा."

खोलीतला प्रत्येक जण गावी पोहोचला होता. खालूंना वेळ सांगायचं भान राहिलं नाही. त्यांच्याही घरून तसंच पत्र यायचं. हात वर झाले तेव्हा शाळेच्या बाजूनं थोडे जास्त निघाले, आणि त्यांत फोरमनचाही हात होता. बिर्याणी खरंच गार झाली होती. दोघं एका थाळ्यात जेवले.

पुढे दुबईचं स्वतःचं स्टेशन निघालं, ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही आला आणि खालूंची खोली रिकामी पडत गेली. एक दिवस ते म्हणाले, "आता इथं कुणाला कुणाबरोबर बसायची गरज नाही," आणि कायमचे गावी परतले.

पहिल्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. शाळेत मुलींचा पाढ्यांचा आवाज चालला होता. खालू पडवीत एकटेच होते, जरा वाळलेले. हळूच म्हणाले, "तुझी खाला माझ्याशी वाद घालत नाही रे. आंबे कुणाला द्यायचे, कौलं कधी शाकारायची, सगळं ठरवून मोकळी असते. मी काही बोललो तर 'बरं' म्हणते, आणि तिचं तेच करते. इतकी वर्षं एकटीनंच ठरवायची सवय लागलीय तिला. मी सकाळी बोलून पाहिलं, दुपारी बोलून पाहिलं. तिला ऐकायला वेळच नसतो."

मावळतीची, मगरिबची नमाज झाली. खाला कामं आवरून मागच्या पायरीवर येऊन बसली, खाडीकडे तोंड करून. रोज तशीच बसत असणार, एकटी. खालू उठले, दाराशी जाऊन घुटमळले, काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. खालानं मागे न पाहता थोडं सरकून पायरीवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पण जरा वेळ काही बोलू नका."

आणि खालू बसले.