कुंडीवरचं झाकण

बुऱ्हाणपूरच्या कुंड्यांचं कौतुक ऐकलं की मला अजून मळमळतं. साहेब लोक येतात, वाकून खाली बघतात, बादशाही कारागिरीची वाहवा करतात. डोंगराचं पाणी जमिनीखालून शहरात नेणारी लांब नाळ, आणि तिच्यावर ओळीनं खोदलेल्या या विहिरीसारख्या कुंड्या. ती नाळ साफ कोण ठेवत होतं, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

आम्ही ठेवत होतो. शहराबाहेर शेवटच्या कुंडीपाशी आमची पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती होती. इंग्रजांचा अंमल आला तरी आमचं काम तेच राहिलं. त्या पाण्यात चुना फार. तो भिंतींवर थरावर थर चढतो आणि नाळ बुजत जाते. बा आणि वस्तीतले गडी कमरेला दोर बांधून खाली उतरत आणि दिव्याच्या उजेडात छिन्नीनं तो चुना खरवडत. उतरण्याआधी पाण्यावरचा दारोगा प्रत्येकाला आपल्यासमोर आंघोळ करायला लावी, स्वतः चार हात लांब, नाकाला उपरणं लावून. खाली असेपर्यंत बा शुद्ध. वर आला की त्याची सावलीही नको. शहरातल्या हौदावर तहान लागली, तर कुणी वरून पाणी ओतेपर्यंत त्यानं ओंजळ धरून उभं राहायचं. ही रीत सांगतानाही थुंकावंसं वाटतं.

वस्तीचं पाणी म्हणजे आमच्या दारातली ती शेवटची कुंडी. दुसरी विहीर नव्हती आणि तापी लांब. मी दहाएक वर्षांची असताना शहरातल्या बड्या लोकांनी तक्रार केली की वस्तीतल्या बायकांचे पोहरे पाण्यात बुडतात आणि तेच पाणी त्यांच्या देवघरात येतं. कुंडी बंद करायचा हुकूम निघाला. बाचं अख्खं अंग त्या पाण्यात चालत होतं; मायचा पोहरा चालत नव्हता.

कुंडीवर दगडी झाकण चुन्यानं पक्कं बसवायला सांगितलं कुणाला, तर बाला. त्याच्यासारखा चुना मळणारा आसपास कुणी नव्हता. नाळेतून खरवडलेलाच चुना तो भट्टीत भाजून घेई आणि त्यात गूळ, बेलाचा गर घालून कितीतरी दिवस मळत बसे. माय तेव्हा पोटुशी होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

“एका बाजूनं कच्चं ठेव ना. पहारीनं उचलता यीन एवढंच. कोन पाहाते?”

बानं घमेल्यावरून मान वर केली नाही. “कच्चं काम माह्या हातानं होत नाही.”

वस्तीतल्या कुणीही त्याला अडवलं नाही. आमच्यात माणूस कामावरूनच ओळखला जाई. दुसरं ओळखण्यासारखं आमच्याकडे होतंच काय? शेजारचे गडी तर सांध्यावरून बोट फिरवून तारीफ करत होते. एवढे मूर्ख लोक मी पुन्हा पाहिले नाहीत, आणि ते सगळे माझेच होते.

मग बायकांच्या नशिबी तापी आली. भर उन्हाळ्यात, सातव्या महिन्यात, भरला हंडा डोक्यावर घेऊन घाटाची चढण चढताना माय पडली. बायकांनी तिला उचलून घरी आणलं. मूल मेलेलंच जन्मलं. माय तापानं फणफणली आणि पाणी पाणी करत राहिली. घरात तांब्याच्या तळाशी चार घोट होते, शेजारचे हंडेही बाळंतपणात रिते झाले होते.

बा पहार घेऊन कुंडीवर गेला. दुपारभर त्यानं घाव घातले. दगडाचे टवके उडाले, पहारीचं टोक बोथटलं, सांधा जागचा हलला नाही. तो दम खायला थांबला की खालून पाणी वाहताना ऐकू येई.

कुणीतरी चुगली केली आणि दारोगा आला. आता बाला मार पडणार, असं मला वाटलं. दारोग्यानं वाकून सांधा न्याहाळला आणि हसला. “वाह रे कारीगर. तेरा किया तुझसे भी नहीं टूटता.”

आणि बा, ज्याची बायको आत पाण्यावाचून तळमळत होती, तो क्षणभर ताठ उभा राहिला. मला तेव्हा बापाची जी किळस आली, ती तो मेला त्या दिवशीही गेली नव्हती.

बायकांनी तापीवरून आणलेल्या पाण्यावर माय वाचली. पण तिनं बाच्या हातचं पाणी पुन्हा कधी घेतलं नाही. त्यानं तांब्या पुढे केला की ती ओंजळ धरायची, वरून ओत म्हणायची.

पुढे शहरात लोखंडी नळ आले आणि आमची गरज संपली. कुणी बहादरपुरात केळीच्या मळ्यात लागलं, कुणी खकनारकडे गेलं. परवा मी मुद्दाम तिथं जाऊन आले. झोपड्यांचा मागमूस नाही, झाकण तेवढं आहे. बसून सांध्यात नख घालून पाहिलं. शिरलं नाही. “काय काम केलंय बानं,” माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मला माझीच शिसारी आली.