यादीत शेवटी वागदरी

माझी भावजय ज्या बायकांच्या जिवावर धंदा करते त्यांना इंग्रजीत ‘अफिलिएट’ म्हणतात, हे मला शाळेतून निवृत्त झाल्यावर कळलं. ती स्वतः हा शब्द वापरत नाही. ‘आपल्या बायका’ म्हणते. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमधून शेंगाची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी पुण्या-मुंबईला जाते, बंगळूरला जाते, आणि ती विकायला दुकान नाही. आहेत त्या आपल्या बायका. कुणी मंद्रूपची, कुणी सात रस्त्याला शिलाईच्या दुकानात बसणारी, कुणी आमच्याच जिन्यातली. त्या आपापल्या मोबाइलवर, स्टेटसला आणि इन्स्टाग्रामला चटणीचे व्हिडिओ टाकतात. बघणारा ऑर्डर देताना त्या बाईचा कोड लिहितो, आणि त्या विक्रीतला वाटा तिला मिळतो.

कोडची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. मी सुचवलं होतं, हजेरीपटासारखे नंबर द्या. एक, दोन, तीन. भावजय म्हणाली, “वन्सं, नंबर कैद्यांना असतात.” तिनं ग्रुपवर बायकांनाच विचारलं, तुमचा कोड काय ठेवायचा? दोन दिवस सगळ्या गप्प. मग एकीनं आपल्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं. तिचं बघून दुसरीनं टाकलं, मग साऱ्यांनीच. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, आधार कार्डावर नवऱ्याचं गाव चढलं. माहेर लिहायला कुठं जागाच उरली नव्हती, ती या चटणीच्या धंद्यात मिळाली. आमच्या डब्यांवर तडवळ, वळसंग, बोरामणी, वागदरी अशी गावं दिसू लागली. डब्यावर कोड लिहायचं काम माझ्याकडे आलं. उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेला, एवढ्या भांडवलावर मी या धंद्यात आहे.

मला तेव्हा ते सगळं गोड वाटलं होतं, त्यापलीकडे काही कळलं नव्हतं. माझं लग्न झालं नाही. आधी आईवडिलांजवळ राहिले, आता भावाजवळ. जिनं माहेर सोडलंच नाही तिला त्याची किंमत काय कळणार?

भावजयीचं मात्र मला कौतुक वाटतं, आणि ते मी तिच्या तोंडावर कधी बोलत नाही म्हणून इथं लिहिते. शाळेत दहा शिक्षिकांना एका सहलीला तयार करताना माझा घसा बसायचा. ही बाई भाजीला फोडणी देता देता, फोन खांद्यात धरून, चाळीस घरांत काम चालवते. सकाळी फुलांचे फोटो पाठवणं नाही, मोठमोठी वचनं नाहीत. रोज एकेकीचं स्टेटस नीट बघते आणि तिलाच फोन करते. “नुसता डबा काय दाखवता? उखळ दाखवा की. कुटल्याचा आवाज येऊ द्या.” आमच्या जिन्यातली एक कॅमेऱ्यासमोर यायला तयारच नव्हती. तिला म्हणाली, “तोंड दाखवायची लाज वाटते ना, मग हात दाखवा की. चव हातालाच असते.” त्या बाईच्या हातांना आता बंगळुरात ओळखतात.

मंद्रूपची जी होती, तिचं मात्र माझ्या डोक्यात जायचं. तिचा कोड वागदरी. व्हिडिओत ती डबा उघडायची, चटणीचा रंग दाखवायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, “चटणी लई तिकट हाय. बारक्या लेकरांना देऊ नका. पोटाचा तरास असला तर घेऊच नका.” अरे, ही जाहिरात झाली की औषधाची चिठ्ठी? मी तिला दोनदा समजावलं. ती “व्हय बाई” म्हणायची आणि पुन्हा तेच बोलायची. भावजय नुसती हसायची.

मग भावजयीच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती चार दिवस अक्कलकोटला गेली. जाताना ग्रुप माझ्या हवाली केला. “काही करू नका वन्सं, फक्त ऑर्डरी लिहून ठेवा.” काही करू नका हे शिक्षिकेला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. मला वाटलं, ही आली की हिला दाखवू, बायकांना जोर कसा चढवायचा ते. मी फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि कुणाच्या कोडवर किती डबे गेले ते मोजून महिन्याचा निकाल लावला. पहिली तडवळ, दुसरी बोरामणी, असं करत शेवटी वागदरी. शेवटच्या नावाखाली सवयीनं लाल शाईची रेघ ओढली. खाली लिहिलं, ‘मागे राहिलेल्यांनी पुढच्यांचा आदर्श घ्यावा.’ फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि शांतपणे चहा ठेवला.

तासाभरानं मंद्रूपहून एक ओळ आली. ‘बाई माज्या माहेरचं नाव काडा.’ आणि ती ग्रुप सोडून गेली.

मला राग आला. एवढा नखरा? आमच्या शाळेत नापास मुलीसुद्धा निकाल बघून मान खाली घालून उभ्या राहायच्या. दुपारपर्यंत आणखी तिघी गेल्या, आणि त्यांत एक चक्क पहिली आलेली तडवळ. तीच ती सात रस्त्याची शिलाईवाली. पहिली येऊन रुसायचं म्हणजे काय! मी तावातावानं तिला फोन लावला.

मशीन थांबल्याचा आवाज आला. ती म्हणाली, “बाई, आज तिचं माहेर तळाला गेलं, उद्या माजं जाईल. मला न्हाय बघवत ते.”

“अहो, कोड आहे तो नुसता!”

“तुमाला कोड हाय. तिच्या सासूनं यादी वाचून घेतली की. म्हनली, तुज्या माहेरची रीतच ही, सगळ्यांच्या मागं. आन् फोन कपाटात कुलपात टाकला.” मग तिनं पुढचं सांगितलं. “आईबाप गेले बाई तिचे. भावानं तितलं घर इकलं, त्यो लांब गेला. वागदरीला जायाला आता कुणी न्हाय तिला. ते नाव तुमच्या डब्यावरच तेवडं दिसायचं.”

मी फोन ठेवला. मला लाज वाटली, सरळच सांगते. त्या नावाखाली मी लाल रेघ ओढली होती. इतक्या वर्षांत किती नावांखाली ओढली असेल, तेही त्या दुपारी आठवायला लागलं.

भावजय परत आल्यावर मी सगळं कबूल केलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फोनमधल्या जुन्या ऑर्डरी बराच वेळ खालीवर करत बसली आणि म्हणाली, “वन्सं, उद्या मंद्रूपला जाऊ. बाजाराचा दिवस टाळून. सासूबाई घरी सापडल्या पाहिजेत.”

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी निघाले. मांडीवर पिशवी होती. तिच्यात खण, नारळ आणि फडक्यात बांधलेल्या धपाट्यांची शिदोरी. रस्त्यात मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाली, रिकाम्या हातानं कसं जायचं?

दारात सासूच उभी होती. उंच, वाळकी, डोळे धारदार. कोण तुम्ही, असं तिनं कानडीत विचारलं. भावजयीनं चपला काढता काढता कानडीतच उत्तर दिलं. मला कानडी बोलता येत नाही पण कळतं. ती म्हणाली, “तुमच्या सुनेच्या माहेरची माणसं आहोत. वागदरीच्या कोडची.”

सासूनं पिशवीतल्या खणा-नारळाकडे बघितलं. माहेरचं माणूस म्हटल्यावर दारातून परतवून लावता येत नाही, आमच्याकडची कितीही कडक सासू झाली तरी. “बर्री, बर्री,” या, या असं म्हणत तिनं आत घोंगडं अंथरलं. सून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आम्हाला बघून तिथंच थबकली. भावजयीनं तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि शिदोरी हातात दिली. आईच्या घरून येते तशी. ती बाई मान खाली घालून बसली होती, आणि शिदोरीची गाठ सुटेना तिच्याकडून.

मग भावजयीनं माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती. मी आयुष्यात कुठल्या पालकाची माफी मागितली नव्हती. म्हणाले, “यादी मी केली. चूक माझी आहे. मी किती डबे गेले एवढंच बघितलं.”

“आणि मी वेगळं बघितलं,” भावजय म्हणाली. “हिच्याकडून एकदा चटणी घेतलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं नाही असं झालेलं नाही. थोडी आहेत, पण तुटत नाहीत. का ते बघा.” आणि तिनं आपल्या फोनवर तो व्हिडिओ लावला. चटणी लई तिकट हाय. बारक्या लेकरांना देऊ नका.

सासूनं तो दोनदा ऐकला. मग मराठीत बोलली, बहुधा माझ्यासाठी. “खोटं काय हाय त्यात? मी बाजारात वांगी इकती. गिऱ्हाइकाला आदी किडकं दाकवायचं, बाजूला टाकायचं, मग चांगलं तोलायचं. हितं आल्यावर मीच शिकवलं हिला.” आणि सुनेकडे वळून म्हणाली, “फोनातबी तेच बोलतीस व्हय?”

“व्हय,” सून म्हणाली.

“हा व्हिडिओ आमच्या इन्स्टाग्रामच्या पानावर सगळ्यांत वर लावू का?” भावजयीनं दोघींना विचारलं. सुनेनं सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, “लावा की.”

चहा झाला, शेतातल्या तुरीच्या शेंगा पिशवीत आल्या, पण कपाट काही उघडलं नाही. फोनचं कुणी नावही काढलं नाही. परतताना मी चिडले होते. “विचारायचं होतंस सरळ!” भावजय पुढे बघत म्हणाली, “सासरच्या कपाटाला माहेरच्यांनी हात लावायचा नसतो, वन्सं.”

तिनं घरी येऊन व्हिडिओ लावला. वर एवढंच लिहिलं, ‘आज वागदरीचा मान.’ पुढच्या आठवड्यात वळसंगचा मान, मग तडवळचा. पहिला-शेवटचा प्रश्नच उरला नाही, आणि गेलेल्या तिघी न बोलावता परत आल्या. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, खरं बोलणारी बाई दिसते, हिच्याकडूनच घेऊ. वागदरीच्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलं, ‘आमच्या गावची लेक.’ ते मी भावजयीला तीनदा वाचून दाखवलं. पण ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिचा फोन कुलपात, आणि मी रोज ग्रुप उघडून वागदरीचं नाव शोधत होते.

पंधरा दिवसांनी मी डबे पुसत बसले होते. फोन वाजला. मंद्रूपचा आवाजी निरोप होता, तिच्याच नंबरवरून.

“बाई, कोड वागदरी. एक डबा पुन्याला पाटवायचा हाय, माज्या ननंदंला. आत्यांनीच सांगितलंय.” मागून सासूचा, म्हणजे तिच्या आत्यांचा, आवाज आला, काहीतरी दटावल्यासारखा. मग पुन्हा ही. “आत्या म्हनत्यात, डब्यावर वागदरी ठळक लिवा. पोरीला कळू दे, भावजयीच्या माहेरचा डबा हाय.”

मी तो निरोप पुन्हा लावला. शेजारी उखळापाशी माझी भावजय कुटत होती, तिचा हात थांबला होता. मी जाड मार्कर घेतला, डबा मांडीवर घट्ट धरला आणि इयत्ता पहिलीच्या फळ्यावर लिहावं तसं एकेक मोठं अक्षर लिहायला लागले.

“वन्सं,” थोड्या वेळानं भावजय म्हणाली, “चटणीचं नाव लिहायला जागा ठेवा की.”