चवळीच्या गळ्यातली घंटा

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि विचारलं, "ही काय खाते?"

"दूध-पोळी," मी म्हणाले. "कधी खिचडी. वरणाचं पाणी."

"आणखी?"

"आम्ही जैन आहोत, डॉक्टर."

"तुम्ही आहात," ते म्हणाले. "मांजर नाही."

मला त्यांचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. पण मांडीवर चवळी होती, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, आणि शेलूबाजारहून अकोल्यापर्यंत मी तिला मेथीच्या जुडीसारखी उराशी धरून आणली होती. मी बसून राहिले.

"ह्याला टॉरीन डेफिशियन्सी म्हणतात," ते म्हणाले. टॉरीन हा शरीराला लागणारा एक घटक. माणूस तो स्वतःच्या अंगात तयार करतो, कुत्राही बहुतेक करतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावा लागतो. तो मिळाला नाही की डोळ्याच्या आतला पडदा झिजत जातो, म्हणजे रेटिनल डीजनरेशन. आणि हृदय सैल पडून फुगतं, त्याचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपथी. चवळीला दोन्ही झालं होतं.

"डोळे परत येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हृदय सुधारू शकतं. पण खाणं बदललं तरच. नुसत्या औषधावर ही जगणार नाही."

खाणं बदलायचं म्हणजे आत्याबाईंशी भांडायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासू.

चवळी आमच्या किराणा दुकानात आली ती नवऱ्यामुळे. उंदीर तुरीची पोती कुरतडायचे, म्हणून त्याने अंगावर ठिपके असलेलं हे पिल्लू आणलं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी तिच्या गळ्यात घंटा बांधली. दुकानातला एकही जीव आपल्यामुळे मरता कामा नये, मांजर आलं की उंदरांना कळावं आणि त्यांनी पळावं, हा त्यांचा हिशोब. उंदरांसाठी मांजर आणलं आणि उंदरांसाठीच तिला घंटा बांधली! गिऱ्हाईकं हसायची. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न जगाला पडलेला, आमच्या घरात तो चुटकीसरशी सुटला.

बाहेर हायवे, म्हणून तिला सोडायचं नाही. शिकार नाही. सूर्यास्ताच्या आत तिचीही वाटी व्हायची. कांदा-लसूण मांजराला विषासारखा असतो म्हणतात, तेवढ्यापुरती ती आमच्याकडे सुखरूप होती.

आधी तिची उडी चुकायला लागली. काउंटरवर चढताना कडेला आपटून खाली पडायची. नवरा म्हणाला, म्हातारी होऊन राह्यली. म्हातारी कसली, तिला अजून पिल्लंही झाली नव्हती. मग भर उन्हात तिच्या बाहुल्या मोठ्या आणि काळ्या दिसू लागल्या. मेडिकलवाल्याने माणसाच्या डोळ्यांचे थेंब दिले. एका गिऱ्हाइकाने नजर लागली असं सांगितलं. दुसरा म्हणाला, "आमचं कुत्रं भाकरीवरच जगते, त्याले काई होत नाई. तुमी लाड करून राह्यले." त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग एका सकाळी ती पायरीवर बसून धापा टाकायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, जीप बघ.

अकोल्याच्या दवाखान्यात म्हशी, बोकड आणि एक पट्टा बांधलेलं गुबगुबीत कुत्रं होतं. शेजारच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, "मांजरासाठी एवढ्या दूर आल्या, बाई?" मी म्हटलं, "हो. तुमाले काही त्रास हाय का?" तो दुसऱ्या बाकावर गेला. बरं झालं, चवळीला ठेवायला जागा मिळाली.

हृदयाची सोनोग्राफी झाली, तिला इको म्हणतात. छातीत पाणी साठलं होतं. ते लघवीवाटे उतरवायचं औषध, हृदयाचं औषध आणि टॉरीनची पावडर मिळाली. पावडर कारखान्यात बनते, त्यात कुणाचं मांस नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "पावडर हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. तिला तिचं पूर्ण अन्न द्या, मांसाचं कॅट फूड."

निघताना त्यांनी तिच्या गळ्याकडे बोट केलं. "आणि ही घंटा काढा. आता हिचे कान हेच हिचे डोळे आहेत. स्वतःच्याच आवाजात तिला बाकी काही ऐकू येणार नाही."

मी तिथेच गाठ सोडली. घरी आले, आत्याबाई ओसरीत हरभरा निवडत होत्या. घंटा त्यांच्या सुपात टाकली.

"घ्या तुमचं पुण्य," म्हटलं. "आंधळी झाली ती."

त्या म्हणाल्या, "माह्या घरात मास येणार नाई."

"व्रत तुमचं आहे. तिनं कधी घेतलं?"

"नाई म्हणजे नाई!"

नवरा पोत्यामागे काहीतरी शोधायला गेला. तो अशा वेळी नेहमी काहीतरी शोधतो.

शेवटी मी कॅट फूड गोदामामागच्या पत्र्याखाली ठेवलं. वाटी वेगळी, डबा वेगळा, आणि प्रत्येक वेळी हात धुऊन मगच स्वयंपाकघरात पाऊल. आमच्या दोघींचं बोलणं बंद. जेवायला वाढताना भांडी तेवढी बोलायची. चवळी श्वास नीट घ्यायला लागली, पण वाटीपर्यंत तिला रोज मीच उचलून न्यायचे. एकटी निघाली की पोत्यांना धडकून तिथेच बसून राहायची.

पुढे एका सकाळी मी अंघोळ करून आले तर घरात घंटा वाजत होती. डोक्यात तिडीक गेली. पुन्हा बांधली! ओल्या केसांनीच मागे धावले.

घंटा आत्याबाईंच्या कमरेला होती, किल्ल्यांच्या जुडग्यात. त्या हळूहळू चालत होत्या, पाऊल टाकून थांबत होत्या, आणि चवळी कान पुढे करून त्यांच्या मागे येत होती. पोत्यांच्या मधून, उंबरा ओलांडून, थेट पत्र्याखाली. वाटीपाशी पोचल्यावर आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ती खाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

मला बघून म्हणाल्या, "काहून पाह्यते? तिले समजाले पायजे ना, म्या कुठी हाये ते."

मी ओले केस पिळत मागे फिरले. थांबले असते तर रडू आलं असतं, आणि ते मला त्यांच्यासमोर नको होतं.

तुमच्या घरात मांजर असेल तर ऐका. उजेडातही बाहुली मोठी राहिली, उडी चुकायला लागली, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. स्वस्थ बसलेलं मांजर धापा टाकत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसाचं औषध घालू नका. आपली तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेते. दूध-पोळीवर मांजर वाढत नाही, ते हळूहळू संपतं. तुम्ही काय खायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याला त्याचं द्या. आणि लोक हसले तर हसू द्या, त्यांना माझ्याकडे पाठवा.

चवळी आता काउंटरखालच्या खोक्यात झोपते. डॉक्टर म्हणाले, हृदय बरंच आवरलं आहे. त्यांचे उपकार मी मानते, पहिल्या दिवशीचा राग धरून. आत्याबाईंना मी अजून माफ केलेलं नाही, आणि त्यांनी ते मागितलेलंही नाही. पण रोज सूर्य मावळायच्या आत घंटा मागच्या दारापर्यंत जाते आणि तिथे थांबते, तेव्हा मीही हातातलं काम ठेवून थांबते.

दुकानातले उंदीर घंटा ऐकून अजून पळतात. फक्त आता ते आत्याबाईंना भितात.