नववी पायरी

आई त्याला ‘खोलकर’ म्हणायची. घरातलं एकही यंत्र त्यानं सुखानं चालू दिलं नाही. पंखा खोलला, मिक्सर खोलला. आत्याचं घड्याळ खोललं, ते कायमचंच. असा मुलगा इंजिनिअर झाला याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

कारखान्यात पहिल्याच वर्षी साहेबांना कळलं, की पोरगा लिहितो फार नेटकं. झालं. वरच्या मजल्यावर टेबल मिळालं. कुठला पंप कसा बसवायचा, कुठला बोल्ट आधी सोडायचा, हे तो पायरीपायरीनं लिहू लागला. फिटर खाली, हा वर. अकरा वर्षं गेली.

“मला खाली पाठवा,” तो दरवर्षी म्हणायचा. यंदा साहेब वैतागले. “पाच नंबरचा पंप आणि मोटर एका रेषेत आणून दाखव. दोन तासांत, एकट्यानं. जमलं तर सोमवारपासून खाली.”

त्यानं स्वतःच लिहिलेला कागद समोर धरला. आठ पायऱ्या सुरळीत झाल्या. नववी होती, मोटरचा मागचा डावा बोल्ट पान्यानं सोडणे. पाना लागला, पण फिरेना. चार बोटांवर पाइप आडवा आला होता. ज्या नकाशावरून त्यानं कागद लिहिला होता, त्यात तो पाइपच नव्हता.

“साहेब, तिथं पाना फिरत नाही,” मागे उभा असलेला म्हातारा फिटर त्याला म्हणाला. “कधीच फिरला नाही.”

“मग तुम्ही काय करता?”

फिटरनं खिशातून एक पाना काढला. अर्धा कापलेला, तापवून वाकवलेला. “हा आमच्या आधीच्या मिस्त्रींनी केलाय.”

“पण कागदावर नवव्या पायरीपुढे दरवेळी बरोबरची खूण असते!”

“खूण केल्याशिवाय पंप चालू करू देतात होय?”

“अकरा वर्षांत एकानंही सांगितलं नाही?”

“सांगायला फॉर्म भरावा लागतो. तो तुमच्याच टेबलावर येतो म्हणे. कोण नादी लागतो!”

शेजारचा वेल्डर फिसकन हसला.

त्यानं तो वाकडा पाना मागून घेतला. बोल्ट दिसत नव्हता, हातानंच शोधायचा होता. हाताला तो सापडेना. पाना सटकला, बोटांची सालटी निघाली. दोन तास संपले. मग फिटरनं पाना घेतला आणि वेल्डरशी बोलता बोलता, तिकडे न बघताच बोल्ट सोडला.

त्यानं सांगितलेली कागदातली चूक ऐकून वरचे साहेब खूश झाले. “कुणाच्या लक्षात आली नसती! आता सगळेच कागद तपासून काढ. पाचेकशे असतील. तुझ्याशिवाय कोण करणार?”

महिनाअखेरीस बढती देतो म्हणाले.

घरी बायकोनं विचारलं, “हाताला काय झालं?”

“दारात सापडला,” तो म्हणाला. “ऑफिसच्या.”